झहूर होडेकरचं पहिलं टेबल

झहूर होडेकरनं बसवलेल्या मोरीत पाणी थांबत नसे. हे तो स्वतःच सांगे, आणि ऐकणाऱ्यानं लगेच मान डोलावली नाही तर बादली घेऊन दाखवतही असे. काम संपलं, सिमेंट वाळलं की घरमालकाला दारात उभं करून तो भरलेली बादली उंबऱ्यापाशी ओतायचा आणि कमरेवर हात ठेवून बघत राहायचा. पाणी मुकाट जाळीकडे जायचं, आत उतरायचं आणि मागे नुसती ओली फरशी उरायची. "बोटभर तरी पानी दिसतंय काय कुठं?" तो विचारायचा. दिसत नसेच. कुवेतभर त्यानं केलेल्या न्हाणीघरांची संख्या त्याला कुणी विचारली तर तो हजारापासून सुरुवात करायचा, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

पाणसळ नावाची वस्तू त्याच्या पिशवीत कधी नव्हती. करणी, रबरी हातोडी, दोरी, लाकडी थापी, एवढाच त्याचा संसार. उजव्या हाताचा तळवा फरशीवरून एकदा फिरवला की ढाळ किती आला, कुठे कमी पडला, ते त्याला कळायचं. कंपनीत नवे आलेले गवंडी पिवळी पाणसळ काढून त्यातला बुडबुडा बघत बसले की त्याचं डोकं फिरायचं. "बुडबुडाच सगळं सांगनार असेल तर तुला कशाला आनलाय इथं? पगार त्यालाच देऊ," असं तो त्यांना तोंडावर ऐकवायचा. अरबी बोलणारे त्याला मुअल्लिम म्हणायचे. मुअल्लिम म्हणजे उस्ताद. ही पदवी कुठल्या कागदावर नव्हती, पण कुणी नुसतं 'झहूर' म्हणून हाक मारली तर तो दुसऱ्या हाकेशिवाय वळत नसे.

माणूस रत्नागिरीजवळच्या साखरतरचा. बाप मचव्यावर खलाशी होता. झहूरला समुद्र लागायचा, म्हणून बापानं त्याला चौदाव्या वर्षी मुंबईला डोंगरीत एका फरशीवाल्या मिस्त्रीच्या हवाली केला. पोराला काय हवंय हे विचारायची तेव्हा रीत नव्हती. एक्याऐंशी साली मामानं कुवेतहून व्हिसा पाठवला. व्हिसा आला म्हणजे जायचं, त्यात विचारण्यासारखं काय होतं? नव्वदच्या ऑगस्टात इराकी रणगाडे आले, तेव्हा पळावं लागलं. बसनं, ट्रकनं, काही वाट चालत तो जॉर्डनच्या छावणीत पोहोचला तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय त्याच्याजवळ लुंगीत गुंडाळलेली करणी तेवढी होती. बरोबरच्यांनी कुणी सोनं आणलं होतं, कुणी टेपरेकॉर्डर. ते त्याला हसले. ब्याण्णवमध्ये कंपनीनं तार करून बोलावलं, जळकी-फुटकी घरं पुन्हा उभी करायची होती, आणि विमानतळावरून थेट कामावर गेलेल्या झहूरच्या हातात करणी होती. मग हसायची पाळी त्याची होती.

ते दिवस त्याचे होते. पुढची आठ-नऊ वर्षं तो गुडघ्यांवर बसून फरश्या लावत गेला आणि गुडघ्यांनी तक्रार केली तर त्यांना त्यानं दादच दिली नाही. दोन हजार एकच्या पावसाळ्यात त्याची धाकटी मुलगी हफिजा रत्नागिरीला नर्सिंगला लागली. मोठ्या दोघींची लग्नं झाली होती. हफिजानं मात्र आधी शिकणार म्हणून सांगितलं होतं आणि अमिरुन्निसानं, म्हणजे झहूरच्या बायकोनं, तिची बाजू घेतली होती. साडेतीन वर्षांचं शिक्षण. झहूरनं फोनवर "शिक, मी बसलोय," म्हणून सांगितलं आणि नेमकं बसणंच त्याला जमेना.

डिसेंबरात एका दुपारी सालवा भागातल्या एका बंगल्यात न्हाणीघराची फरशी संपवून तो उठायला गेला आणि उठता येईना. त्यानं नळ धरला, भिंत धरली, शेवटी रबरी हातोडी जमिनीवर टेकवून कसाबसा उभा राहिला. मागे दारात यूसुफ उभा होता. यूसुफ कंपनीचा सुपरवायझर, इजिप्तमधल्या दुम्यात गावचा. वाईट माणूस नव्हता. पण डोळे फार तीक्ष्ण होते आणि ते त्यानं त्या दिवशी नको तिथे वापरले.

"मुअल्लिम, किती दिवस चाललंय हे?"

"आजच जरा," झहूर म्हणाला.

"दोन महिने बघतोय मी," यूसुफ म्हणाला. "फेब्रुवारीअखेर तुझा इकामा संपतो. मुदीर म्हणतो, नवा करायचा नाही. फरशीवाला बसू शकत नाही तर कंपनीनं त्याला ठेवून काय करायचं?"

मुदीर म्हणजे मॅनेजर, आणि इकामा म्हणजे राहायचा परवाना. तो संपला की माणूस संपला नाही तरी त्याचं कुवेत संपतं. झहूरनं भिंतीच्या टाइलांचं नाव काढलं. यूसुफ म्हणाला, "वरच्या ओळी उभ्यानं लागतील. खालच्या चार कोण लावणार, मी?" झहूरनं हातोडी पिशवीत टाकली. त्यानं घरी काही कळवलं नाही. शुक्रवारच्या फोनवर अमिरुन्निसानं विचारलं की आवाज बसलाय का, तर म्हणाला थंडी आहे. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या तो खात होता. डॉक्टरनं सांगितलेली दुसरी गोष्ट, गुडघे टेकायचे नाहीत ही, त्यानं ऐकून सोडून दिली होती. ती ऐकली असती तर त्या दिवसांत तो करणार काय होता?

झहूर राहायचा त्या हवल्ली भागातच, त्याच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून, सुनंदा आणि गुरुप्रसाद राहत. गुरुप्रसाद मूळचा नाशिकचा, शुऐबाच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनियर. त्यांची मोरी झहूरनं दोन वर्षांपूर्वी बसवली होती आणि बादलीची परीक्षा तिथंही झाली होती. सुनंदा बाई कामाची आणि तोंडाचीही. तिच्या स्वयंपाकघरात एक जुनं टेबल होतं. त्र्याण्णव साली शुक्रवारच्या जुन्या बाजारातून घेतलेलं, पाय शिसवी, मजबूत, चौघांनी धरून उचलावं असं. वरच्या फळीचा मात्र पुरता बोऱ्या वाजला होता. गरम कढया, सांडलेलं पाणी, मुलाचं कंपास, सगळ्यांनी मिळून तिचे पापुद्रे काढले होते. मुंबईहून आलेल्या एका मासिकात टाइल लावलेलं टेबल पाहून सुनंदानं ठरवलं, आपल्याला असंच हवं. तिनं ठरवलं म्हणजे ते होणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं झहूरला बोलावणं धाडलं.

झहूरला आधी तो अपमान वाटला. "वयनी, टेबल म्हंजे सुताराचं काम," तो म्हणाला. "मी फरशीवाला. उद्या तुमी मला कपाट रंगवायला सांगाल."

"लाकूडकाम सुतार करून देईल. वर टाइल बसवायची ती सुतार बसवणार का?" सुनंदा म्हणाली. "तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा झहूरभाई, मी दुसरा बघते."

जमणार नाही हा शब्द झहूरच्या घराण्यात कुणी उच्चारला नव्हता. त्यानं टेबलाभोवती एक चक्कर मारली. फळीवर हात टेकवला. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हात टेकवताना त्याला वाकावं लागलं नव्हतं. फळी बरोबर त्याच्या कमरेशी आली होती.

"शुक्रवारी येतो," तो म्हणाला.

सुतारानं जुनी फळी काढून जाड प्लायवुड ठोकून दिलं, कडेला लाकडी पट्टी फिरवली. टाइल झहूरनं शुवैखच्या गोदामातून स्वतः निवडून आणल्या, सहा इंची, पांढऱ्या, कडेला बारीक निळी वेल. कुठल्याशा बंगल्याच्या कामातून उरलेल्या, बरोबर मोजून बसतील एवढ्याच. शुक्रवारी नमाज आटोपून तो आला आणि कामाला लागला. चिकट लेप फासला, दातेरी पत्र्यानं रेघा ओढल्या, एकेक टाइल ठेवून तळव्यानं दाबत गेला. दोन तास झाले, तीन झाले. गुडघे गप्प होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं नावही त्याच्या डोक्यात आलं नाही. तो चक्क गुणगुणायला लागला, तेव्हा सुनंदाचा नववीतला मुलगा नचिकेत दारातून डोकावून बघून गेला. सुनंदानं चहा आणला. तो झहूरनं नेहमीप्रमाणे दाराशी उभा राहून प्यायला. कामाच्या कपड्यांत तो कुणाच्या घरी खुर्चीवर बसत नसे.

शनिवारी संध्याकाळी येऊन त्यानं सांधे भरले, फडक्यानं पुसून टाइल चकचकीत केल्या आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. देखणं काम झालं होतं. त्याच वेळी त्याच्या डोक्यात आठवडाभर घोळणारी गोष्ट पक्की झाली. बंगल्यांमधून स्वयंपाकघरं असतात. स्वयंपाकघरांत ओटे असतात. आणि ओटे कमरेइतके उंच असतात. कंपनी ते काम फरशीच्याच टोळीकडून जाता जाता उरकून घेई आणि ते तसंच दिसे. रविवारी सकाळी त्यानं यूसुफला गाठलं.

"या शुक्रवारी हवल्लीला ये. एक काम दाखवतो. उभ्यानं केलंय."

"कसलं काम?"

"डोळ्यानं बघ," झहूर म्हणाला. त्याचा जुना आवाज परत आला होता. यूसुफ येतो म्हणाला.

त्याच रविवारी संध्याकाळी सुनंदानं संक्रांतीचे लाडू वळायला घेतले. मंडळाचं हळदीकुंकू होतं, दीडशे लाडू हवे होते. नव्या टेबलावर चटचट वळून ती ते ओळीनं ठेवू लागली. चौथा लाडू ठेवला तेव्हा पहिला जागेवर नव्हता. तिला वाटलं नचिकेतनं पळवला. मग दुसरा तिच्या डोळ्यांदेखत हलला, सावकाश निघाला, तिसऱ्याला बरोबर घेऊन खिडकीकडच्या कोपऱ्यात गेला आणि दोघे एकामागोमाग जमिनीवर उतरले.

"इट्स रोलिंग, आई," नचिकेत म्हणाला. त्यानं आपली पेन्सिल ठेवून पाहिली. तीही गेली. मग पेन, बॅटरीचे सेल, लिंबू. त्याला त्या संध्याकाळी अभ्यासापेक्षा बरीच चांगली करमणूक मिळाली होती.

निरोप गेल्यावर झहूर आला तो हसतच. लाकूड फुगलं असेल, पाय आखूड असेल, त्यानं वाटेतच सगळी कारणं तयार ठेवली होती. त्यानं टेबलावर तळवा फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. मग त्यानं ओट्यावरचं भांडं उचललं आणि टेबलाच्या दाराकडच्या कडेवर पाणी ओतलं. पाणी मुकाट खिडकीच्या कोपऱ्याकडे गेलं, एक थेंब मागे न ठेवता, आणि तिथे बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या गुरुप्रसादच्या मांडीवर उतरलं.

ढाळ. इंचाला बरोबर तेवढाच, जितका हजार मोऱ्यांना दिला होता. लेप फासताना हातानं एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असा तो आपोआप घातला होता. डोक्याला कुणी विचारलंच नव्हतं. झहूरनं टेबलाची मोरी केली होती, आणि मोरी म्हणून ते काम नामी होतं. फक्त जाळी बसवायची राहिली होती.

गुरुप्रसाद आधी पँट झटकत उठला, मग त्याला हसू आवरेना. पण तो मुळात भला माणूस. आतून स्वतःची पाणसळ घेऊन आला, टेबलावर चारी दिशांना ठेवून पाहिली आणि कागदावर आकडे मांडू लागला. "सोपं आहे," तो म्हणाला. "या पायाखाली काही नाही, या दोघांखाली नऊ-नऊ मिलिमीटरची पट्टी, त्या कोपऱ्यातल्याखाली अठराची. वरचा भाग सपाट. कुणाला कळणारही नाही."

"हो, राहू द्या झहूरभाई," सुनंदाही म्हणाली. "दिसायला तर किती सुंदर झालंय. पट्ट्या लावू की."

झहूरला हसणं ऐकू येत होतं, पण त्याचं लक्ष आपल्या तळव्याकडे होतं. तो मनातून हादरला होता. गुडघे गेले ते गेले, हात शाबूत आहे, या हिशेबावर त्यानं यूसुफला बोलावलं होतं. आणि हाताला एकच गोष्ट येत होती. सपाट म्हणजे काय हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं. अशा हातानं ओटे केले तर मालकिणींच्या पोळ्या लाटतालाटता सिंकमध्ये जाणार होत्या.

"पट्टी नको," तो शेवटी म्हणाला. "पट्टीनं टेबल सरळ होईल सायब. माझा हात वाकडा तो वाकडाच ऱ्हाईल." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाला, "ती तुमची पानसळ चार दिवस द्याल काय?"

हे वाक्य बोलायला त्याला किती जड गेलं ते कंपनीतल्या नव्या गवंड्यांना कळलं असतं तर त्यांनी मिठाई वाटली असती. गुरुप्रसादनं पाणसळ फडक्यानं पुसून त्याच्या हातात दिली.

सोमवारी कामावरून सुटल्यावर झहूरनं टाइल उपटायला घेतल्या. लेप अजून पुरता धरला नव्हता, म्हणून पातळ पट्टी सारून बहुतेक टाइल शाबूत सुटल्या. मधल्या चार मात्र तुटल्या. त्या जातीच्या टाइल बाजारात उरल्या नव्हत्या. सुनंदा म्हणाली, "मग मधे दुसऱ्या रंगाच्या लावा. निळ्या." झहूरला ते पटलं. मंगळवारी गडद निळ्या चार टाइल घेऊन तो आला, प्लायवुड खरवडून साफ केलं आणि नव्यानं लेप फासला.

त्या संध्याकाळचं काम सुनंदानं पाहिलं. पुढे ती मैत्रिणींना सांगायची की पन्नाशीचा माणूस पहिलीतल्या मुलासारखा पाटी गिरवत होता. टाइल ठेवायची, पाणसळ ठेवायची, बुडबुडा बघायचा. बुडबुडा सरकलेला असायचाच. हात पुन्हा पुन्हा खिडकीकडे उतरत होता. झहूर स्वतःच्या हाताला शिव्या घालत होता, आईबापांचा उद्धार सोडून बाकी सगळ्या. टाइल उचलायची, लेप सारखा करायचा, पुन्हा ठेवायची. पहिल्या ओळीला तास गेला. दुसरीला पाऊण. निळ्या चार टाइलांपर्यंत पोहोचला तेव्हा त्यानं एक टाइल ठेवली, तळवा फिरवला आणि पाणसळ न ठेवता डोळे मिटून उभा राहिला. मग पाणसळ ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध होता. पुढच्या ओळी भराभर गेल्या. तरीही प्रत्येक टाइलवर पाणसळ ठेवायचं त्यानं सोडलं नाही. गुरुवारी सांधे भरले.

शुक्रवारी यूसुफ आला. सुनंदानं त्याचं स्वागत हिंदीत केलं, त्यानं अरबीत उत्तर दिलं, आणि दोघांचंही समाधान झालं. यूसुफ टेबलाजवळ गेला. झहूरला वाटलं होतं तो वरवर बघेल. पण यूसुफचा बाप दुम्यातमधला सुतार होता, टेबलं करण्यात त्याचा जन्म गेला होता, हे झहूरला कुठे माहीत होतं. यूसुफ उकिडवा बसला, त्याचे गुडघे बरे होते, आणि एक डोळा मिटून टेबलाच्या कडेवरून आरपार बघू लागला. चारी बाजूंनी बघितलं. सांध्यावरून नख ओढलं. पाय हलवून पाहिले. झहूर दाराशी उभा होता. हफिजाचं पहिलं वर्षही अजून संपलं नव्हतं.

"मधल्या निळ्या कशासाठी?" यूसुफनं विचारलं. "नक्षी म्हणून?"

हो म्हणता आलं असतं. सुनंदाला अरबी कळत नव्हती, गुरुप्रसादची त्या शुक्रवारी कारखान्यात पाळी होती. नक्षी म्हणून खपण्याइतकं ते दिसतही होतं छान.

"नाही. तुटल्या म्हणून," झहूर म्हणाला. "हे दुसऱ्यांदा केलंय. पहिल्यांदा मी याला ढाळ दिला होता. मोरीचा."

यूसुफला आधी कळलंच नाही. झहूरनं हात तिरका करून दाखवला, कोपऱ्यातून खाली पाणी पडतं तसं बोटांनी दाखवलं. मग कळलं, आणि यूसुफ असा हसला की त्याला टेबलाची कड धरावी लागली. सुनंदालाही काय चाललंय ते उमगलं. ती आत जाऊन लाडवांचा डबा घेऊन आली आणि यूसुफला खुणेनं दाखवू लागली, लाडू कसा पळाला ते. झहूर मध्ये उभा होता आणि दोन्ही बाजूंनी हसू खात होता. त्याला राग आला नाही. कशाचं नवल वाटलं असेल तर त्याचंच.

डोळे पुसून यूसुफ म्हणाला, "पट्ट्या का नाही घातल्या पायाखाली? मी घातल्या असत्या."

"ओट्याला पाय नसतात," झहूर म्हणाला.

यूसुफ हसायचा थांबला. त्यानं झहूरकडे नीट पाहिलं, आणि माणूस काय मागतोय ते त्याला कळलं. सुर्रा भागात बावीस बंगल्यांचं काम येऊ घातलं होतं. प्रत्येकात दोन स्वयंपाकघरं, एक घरच्यांचं, एक नोकरांचं. ओट्यांचं काम नीट करणारा माणूस कंपनीकडे नव्हता हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? "मुदीरशी बोलतो," तो म्हणाला. "इकामा वर्षाचा. पुढचं पुढच्या वर्षी. आणि मुअल्लिम, पाणसळ कंपनीची देईन. प्रत्येक ओट्याला लावायची. तुझ्या तळव्यावर मी सही करणार नाही."

"लावीन," झहूर म्हणाला. त्याला बोचलं, नाही असं नाही. पण बोचण्यासारखंच होतं ते.

सुनंदानं चहाचे तीन कप टेबलावर ठेवले आणि खुर्च्या ओढल्या. यूसुफ बसला. झहूर सवयीनं दाराकडे निघाला तर सुनंदा म्हणाली, "इकडे. टेबल तुम्ही केलंय आणि चहा दारात?" तो आला आणि बसला. कप समोर ठेवला. कप कुठे गेला नाही.

त्या रात्रीच्या फोनवर त्यानं अमिरुन्निसाला सगळं सांगून टाकलं, गुडघे, फेब्रुवारी, टेबल, मोरी, सगळं. ती म्हणाली, "थंडी हाय म्हनालात तवाच मला कललंवतं. इतकी वर्सं थंडीत तुमचा आवाज कदी बसला नाय." आणि मग तीही हसली, लाडवांवर.

पुढे झहूर ओटेवाला झाला. सुर्रातली बावीस घरं झाली, मग जाब्रियात, मग मिश्रिफला. पाणसळ त्याच्या खिशात असे आणि नव्या गवंड्यांना तो आता ती न वापरण्याबद्दल झापत असे, अगदी जुन्याच आवाजात. कुणी जुन्या बोलण्याची आठवण करून दिली तर त्याला ते आठवत नसे. सुनंदाकडे येणाऱ्या मंडळाच्या बायकांनी टेबल पाहून आपापल्या घरी तशीच मागितली. शुक्रवारी शुक्रवारी त्यानं सात टेबलं केली. दोन हजार तीनच्या मार्चात शेजारी पुन्हा लढाई पेटली, कुवेतभर भोंगे वाजू लागले, तेव्हा त्याच्या खोलीत राहणारे निम्मे लोक घरी पळाले. झहूर एका बंगल्यात ओटा करत होता. भोंगा वाजला की ओट्याखाली बसायचं असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. गुडघे त्याला तयार नव्हते, म्हणून तो भोंगा थांबेपर्यंत सांधे भरत राहिला.

इकामा वर्षाचा झाला, मग दुसऱ्या वर्षाचा, मग तिसऱ्या, मग चौथ्या. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात हफिजाचं शिक्षण संपलं आणि रत्नागिरीच्या एका दवाखान्यात ती कामाला लागली. पहिल्या दिवशी तिनं दवाखान्यातूनच फोन केला. मागून कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारत होतं आणि तिला लगेच जावं लागलं. फोन बंद झाल्यावरही झहूर रिसीव्हर कानाला लावून बसून होता. तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

सप्टेंबरात तो यूसुफच्या कचेरीत गेला. यूसुफनं त्याचा पासपोर्ट टेबलावर काढूनच ठेवला होता. "बरं झालं आलास. मुदीरनं दोन वर्षांचा एकदम करायला सांगितलाय. सहा इमारती येतायत. ओट्यांचं सगळं तुझ्याकडे."

"मी जायचं म्हणतोय," झहूर म्हणाला.

यूसुफनं त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"ते नाही," झहूर म्हणाला. "काम संपलं माझं. मुलगी लागली कामाला."

यूसुफनं समजावून पाहिलं. पगाराचं बोलला, हाताखाली दोन माणसं देईन म्हणाला, ओट्यांचं काय करू म्हणून थोडा चिडलाही. झहूर ऐकत होता. त्याला हे ऐकायला आवडत होतं, आणि ते लपवायचाही त्यानं प्रयत्न केला नाही. शेवटी यूसुफनं हात टेकले. पासपोर्ट जवळ ओढला, पेन उघडलं आणि मान वर न करता विचारलं, "बोल मुअल्लिम. कधी जायचंय तुला?"

झहूरला डोंगरीला धाडला तो बापानं. कुवेतला आणला तो मामाच्या व्हिसानं. नव्वदमध्ये घालवला तो रणगाड्यांनी आणि ब्याण्णवमध्ये बोलावला तो तारेनं. साडेतीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीअखेर ठरली होती, तीही त्याला नुसती कळवली होती. बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न त्याला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. त्यानं समोरची खुर्ची ओढली, तिच्यावर नीट बसला आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला. यूसुफ पेन धरून थांबला होता. झहूरनं त्याला आणखी थोडा थांबू दिला.

"ईद घरी करीन," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या आठवड्यातलं लिही."